गाड्यांपुढे कोण चाललं होतं

आमच्या सुभेदार साहेबांनी गोविंदला फसवलं. गोविंद जिवंत नाही, म्हणून ते खपून गेलं.

मी फौजेत हवालदार होतो, गाड्यांच्या तुकडीत. पोस्टिंग डोंगरात. पहाटे टायर, ब्रेक, तेल तपासायचं आणि रेशन वरच्या चौकीला पोचवायचं, हे रोजचं काम. दरडीच्या रस्त्यावर आमचा एक रिवाज होता. तुकडीतला सर्वांत वरच्या हुद्द्याचा माणूस पायी पुढे चालणार, हातानं खुणा करणार आणि एकेक गाडी पार करून देणार.

त्या सकाळी चार गाड्या होत्या. पुढचा रस्ता अर्धा खचलेला. साहेब शेवटच्या गाडीत बसून होते. माझ्या हाताखालचा नाईक गोविंद माझ्या शेजारी होता. रेडिओवर साहेबांचा आवाज आला, "नाईक गोविंदला पुढे पाठवा. ओव्हर."

"साहेब, वरून खडी घसरतेय. थोडं थांबू. ओव्हर."

"ऑर्डर आहे. आउट."

मी चिडून दार उघडलं. "मीच उतरतो."

गोविंद मुखेडचा, मी बैलांसाठी नावाजलेल्या देवणीचा. तो हसला. "हवालदार सायब, बैलाचा भाव करायलात का? स्टेअरिंग धरा. तुमच्यावाणी गाडी मला येत न्हाई."

पहिली गाडी माझी. त्यानं ती काढली, मग आणखी दोन. चौथीपुढे चालताना त्यानं एकदम दोन्ही हात वर केले. गाडी जागेवर थांबली. दरड तिच्या पुढ्यात कोसळली. पलीकडून मी बघत होतो. साहेबांना खरचटलंही नाही. गोविंद दरडीखाली गेला.

आज लातूरला माझी डाळमिल आहे, स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली. पत्र्यावर चढायचं असो की अडकलेल्या मशिनमध्ये हात घालायचा असो, आधी मी, मग कामगार. भावात मी कुणाला सोडत नाही, जीभही तिखट आहे. पण हा रिवाज मोडलेला नाही.

परवा आम्हा कारखानदारांच्या सभेला तेच साहेब पाहुणे म्हणून आले. विषय होता, कामाच्या जागी नेत्याचं धाडस. म्हणाले, "त्या दरडीत गाड्यांपुढे मी चालत होतो." टाळ्या पडल्या.

मी उभा राहिलो. "आणि गोविंद कुठं होता, साहेब?"

"हवालदार, खाली बस."

मी बसलो नाही. ते दुसऱ्या मुद्द्याकडे वळले.

साहेब, मुखेडला गोविंदची आई आहे. तिच्या दारात या. गाड्यांपुढे कोण चाललं होतं, ते तिच्या तोंडावर सांगा. वाट माहीत नसेल, तर पुढे मी चालतो.