सातवं नाव

आधी चहा संपवा, मग ऐका. नाहीतर मी जी माती खाल्ली ती ऐकून तोंडातला घोट बाहेर येईल! शाळा माझी सातवीपर्यंत, पण भोरच्या बाजारात हिरड्याच्या व्यवहारात मला कुणी गंडवलेलं दाखवा. मग मी फसलो कुणापुढं? माझ्याच शहाणपणापुढं!

माझी पुतणी सुनंदा पुण्यात रसायनशास्त्रात संशोधन करते. लई वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली, आत्ता कुठं तिला स्वतःची लॅब मिळाली. तिथला पहिला पेपर तयार होता. पेपर म्हणजे परीक्षेचा नव्हे, संशोधनाचा लेख. एवढं मला कळतं बरं का! विषय आपल्या वेल्ह्याच्या डोंगरातला हिरडा. दुसऱ्या दिवशी तो परदेशातल्या मासिकाकडं जायचा होता. आदल्या दिवशी ती आणि त्या कामात तिच्या सोबत असलेले एक प्रोफेसर झाडं बघायला आले, म्हणून दुपारी आमच्याकडं जेवायला.

सुनंदा माझ्या दुकानामागच्या गोदामात नमुन्यांच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या लावत होती. प्रोफेसर हात धुवायला गेले. पाटाशेजारी पेपरची प्रत पडलेली. उचलली. इंग्रजी अक्षरं जुळवून नावं वाचण्यापुरतं येतं मला. सात नावं होती. पहिलं कुणाचं? सुनंदाच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलीचं! प्रोफेसर चौथे. आणि आमची सुनंदा? सातवी! पार शेवटी!

आता तुम्हीच सांगा, लग्नपत्रिकेत सख्ख्या काकाचं नाव खाली बारक्या पोरांच्या रांगेत छापलं तर काय होतं? आमच्या भावकीत एवढ्यावरून दोन भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते!

प्रोफेसर पानावर बसले. मी भाकरी वाढली आणि हळूच विषय काढला.

"साहेब, एक इचारू? राग न्हाई ना येणार?"

"विचारा की काका."

"लॅब आमच्या पोरीची, हिरडा आमच्या डोंगरातला. आन तिचं नाव शेपटाला?"

त्यांचा घास हातातच राहिला. "अहो काका, शेवटचं नाव म्हणजे..."

"म्हंजे काय ते कळतं मला. आमी काय पत्रिका छापल्या न्हाईत व्हय? तिला वर घ्या."

"पण ताईंची इच्छा..."

"ती गरीब गाय. तिच्या वतीनं मीच बोलतोय."

प्रोफेसर गालात हसले. मला वाटलं, ओशाळले बिचारे!

"मग शेवटी कुणाला घालायचं काका?"

"तुमी बसा की! मोठ्या मनाच्या माणसाला मागं बसायला कसली लाज?"

"मी? शेवटी? चालेल काका, एकदम चालेल!"

बघा, किती पटकन पटलं! मी खूश. भाकरीवर तूप सोडलं, नको नको म्हणत असताना आणखी एक भाकरी वाढली. तेवढ्यात सुनंदा आत आली.

"सुने, तुझं काम केलं बघ. आता तू चौथी आन साहेब शेवटी!"

तिच्या हातातल्या चिठ्ठ्या खाली पडल्या. "काका! काय केलंत हे?"

"अगं, वर चढवली तुला!"

"कुठलं वर? ज्याची लॅब, ज्याच्या जबाबदारीवर सगळं काम, त्याचं नाव शेवटी असतं! ती जागा मिळायला मला अकरा वर्षं लागली. आणि तुम्ही ती एका भाकरीवर देऊन टाकलीत?"

चुलीपुढून आमची मंडळी म्हणाली, "एका न्हाई गं, चार भाकरी झाल्या. वर तूप."

घरच्याच माणसानं असा हिशेब मांडल्यावर तोंड कुठं लपवायचं हो? मी प्रोफेसरांकडं वळलो.

"साहेब, तुमाला हे ठावं होतं?"

"होतं की."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही बोलू कुठं दिलंत काका? आणि इतका चांगला सौदा समोरून आल्यावर कोण सोडतो?"

मी सरळ हात जोडले. "साहेब, आमची पोर शेवटीच बरी. तुमचं चौथं तुमचं तुमाला."

प्रोफेसर ठसका लागेपर्यंत हसले. "अहो, ताईंच्या होकाराशिवाय तो पेपर हलणारही नाही. त्यांचं नाव आहे तिथंच आहे." तेव्हा कुठं सुनंदाच्या तोंडावर रंग आला, आणि माझ्या जिवात जीव.

निघताना ते उंबऱ्यात थांबले. "काका, पुढच्या महिन्यात आमचा दुसरा पेपर जायचाय. त्या निमित्तानं पुन्हा येईन जेवायला."

"या की! घर तुमचंच हाय!"

"फक्त त्या दिवशी काकूंना वाढू द्या," म्हणाले, "आणि तुम्ही दुकानात थांबा."