कापलेली कड

माझी बायको नागपूरला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायची. कॅनडात, विनिपेगला आल्यावर ते काम तिला मिळालं नाही. ती एका ग्रोसरीच्या दुकानात लागली. बेसबॉलची जुनी कार्डं आमच्या घरात आली ती गराज सेलमधून, म्हणजे कुणीतरी घरापुढे मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीतून. तिला हवा होता पत्र्याचा डबा. आत खेळाडूंची चित्रं छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे निघाले.

खेळातलं तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. पण एकाच कार्डाची एक प्रत लिलावात शंभर डॉलरला जाते, दुसरी पाच हजारांना, आणि फरक कोपरे किती टोकदार आणि कडा किती सरळ एवढाच, हे समजल्यावर तिला राहवेना. कडा आणि कोपरे हीच तर तिची विद्या. ती इंटरनेटवर लिलावांचे निकाल वाचायची आणि मध्येच मला भाव सांगायची. मी नुसतं हूं करायचो. “अहो, तुम्ही पुस्तकच वाचा,” ती म्हणायची, “बाजार मी वाचते.”

डब्यातलं एक कार्ड पन्नासच्या दशकातलं होतं, एका पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचं. कोपरे जरा मऊ, रंग ताजे. ते विकायचं नाही, असं तिने सांगून ठेवलं होतं.

मंदीच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. दहाव्या दिवशी कार्डांचा दुकानदार घरी आला. दर शनिवारी ती त्याच्या दुकानात तासभर घालवायची, तो तिला गमतीने प्रोफेसर म्हणायचा. येताना त्याने घरी केलेला केक आणला. बोलता बोलता म्हणाला की मंदीने बाजार बसलाय, जुन्या कार्डांना कोणी विचारत नाही, पिचरचं तेवढं मी आठवण म्हणून घेतो. तीनशे डॉलर त्याने टेबलावर ठेवले. मी त्याला कार्ड दिलं, चहा दिला, आभार मानले, गाडीपर्यंत सोडायला गेलो.

उन्हाळ्यात तिची भाव टिपायची वही उघडायचं धाडस झालं. शेवटच्या पानावर, हॉस्पिटलमधल्या वाकड्या अक्षरात, लिहिलं होतं: नवी कार्डं कोसळली, पन्नासची उभी आहेत, पिचर वर चाललाय. म्हणजे ती मरत होती तेव्हाही तिला बाजार ठाऊक होता. आणि त्या दुकानदारालाही.

त्या दिवसापासून मी पुस्तकं बाजूला ठेवली आणि लिलावांचे कॅटलॉग वाचू लागलो. रोज, जेवणाआधी. अभ्यासाची सवय जुनीच होती, आता त्या अभ्यासाला एक माणूस मिळाला होता, तो दुकानदार. चौदा महिन्यांनी ते कार्ड दिसलं. मागच्या बाजूला पुठ्ठ्यातच लाकडाचा एक तपकिरी कण आहे, त्यावरून ओळखलं. कार्डं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीने ते प्लॅस्टिकच्या कवचात सीलबंद केलं होतं, दर्जाचा आकडा वरचा होता आणि बोली एका चांगल्या गाडीच्या किमतीच्या पुढे जाईल असा अंदाज दिला होता. मऊ कोपरे मात्र टोकदार झाले होते.

आमच्याकडे कुठलाही कागद झेरॉक्स काढल्याशिवाय घरात राहत नाही. पासपोर्टांच्या फायलीत या कार्डाच्याही दोन रंगीत झेरॉक्स होत्या, पुढून आणि मागून. शेजारी तिची स्टीलची पट्टी ठेवलेली आणि खाली ‘सत्यप्रत’ लिहून तिने केलेली सही. कणापासून कडेपर्यंत तीन मिलिमीटर होते. कॅटलॉगमधल्या चित्रावरून हिशेब केला, दोनसुद्धा भरेनात. त्याने कड कापली होती. दर्जा देणाऱ्यांच्याही नजरेतून ते सुटलं होतं.

कापलेल्या कार्डाला बाजारात किंमत उरत नाही, हे मला माहीत होतं. लिलावाआधी ते मागता आलं असतं, वकील करता आला असता. मी बोली सुरू व्हायची वाट पाहिली. आकडा चांगला चढल्यावर दोन्ही झेरॉक्स लिलाववाल्यांना पाठवल्या. त्यांनी कवच फोडून कार्ड मोजलं आणि विक्रीतून काढलं. त्यानंतर त्या दुकानदाराचा कुठलाच माल ते घेईनात. ती बातमी मी दोनदा वाचली. बरं वाटलं. आजही वाटतं.

आठवड्याने त्याचा फोन आला. तो ओरडला नाही.

“तुझ्या बायकोचं कार्ड होतं ते,” तो म्हणाला. “आता त्याला कोणी हात लावणार नाही. तुला काय मिळालं?”

“कात्री तुझी होती,” मी म्हणालो.

मग तो म्हणाला, हवं असेल तर परत घेऊन जा, पैसे नकोत.

“तुझ्याकडेच राहू दे. काउंटरवर ठेव, समोर दिसेल असं.”

तरी महिन्याभराने त्याचं जाड पाकीट पोस्टाने आलं. मी ते उघडलं नाही. कागदाच्या आत पुठ्ठ्याच्या कडा बोटांना लागत होत्या. चार बाजूंनी अंगठा फिरवला. मग त्यावर त्याचा पत्ता लिहिला आणि दुपारी पोस्टात जाऊन परत पाठवलं. रजिस्टर करून, म्हणजे त्याला सही करून घ्यावं लागेल.