दुसरी छागळ

हे मी आजवर कुणाला बोललो नाही – बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय.

शहरातल्या गुलमंडी बाजारात माझं पाठपिशव्यांचं दुकान आहे. डोंगरात जाणारे लोक विचारतात, सोबत काय घ्यावं? मी ठामपणे सांगतो – पाणी आधी, बाकी नंतर. माझा सल्ला कधी चुकत नाही. तो मी शिकलो कसा, हे कुणी विचारत नाही.

शिकारीचा परवाना मिळायचा तेव्हाची गोष्ट. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. कन्नडकडच्या डोंगरातले झरे आटले, तशी रानडुकरं खाली विहिरीवरच्या पिकात घुसू लागली. गावानं माझ्या दाजींना बोलावलं. त्यांच्याकडं बंदूक होती. माग काढायला रहीम मामू. त्यांच्यासारखा माणूस त्या डोंगरात दुसरा नव्हता. आणि मी – पिशवी वाहणारा.

मामूंनी स्वतः सामान लावून दिलं होतं. दोर, सुरी, हळद, फडकी, गूळ-फुटाणे आणि पाण्याच्या दोन छागळी – कॅनव्हासच्या, भरल्या की चांगल्या जड. सकाळी निघताना त्यातली एक मी काढली. गावातल्या ओट्यावर ठेवली. का? मित्राचा कॅमेरा आणला होता, त्याला पिशवीत जागा हवी होती. मेलेल्या डुकरावर पाय ठेवून मला फोटो हवा होता.

दुपारी दाजींची गोळी डुकराच्या मांडीत लागली. ते घळीत उतरलं. जखमी जनावर सोडायचं नसतं, मामू रक्ताचा माग धरून निघाले. पण पाणी संपलं होतं. दाजींनी दुसरी छागळ मागितली.

आणि मी काय म्हणालो? "ती मामूंकडं दिली होती ना. ओट्यावर राहिली वाटतं."

मला वाटलं, मामू आता मला खोटं पाडतील. त्यांनी स्वतःची झोळी चाचपली, आत हात घातला. मग हळूच म्हणाले, "असंल. माझ्या ध्यानात नाय राहिलं."

आम्ही परत फिरलो. तिसऱ्या दिवशी त्या डुकरानं सरपण वेचणाऱ्या एका बाईची मांडी फाडली. ती वाचली, पण पुढं जन्मभर काठी धरून चालली. दाजींनी गावासमोर मामूंना सुनावलं. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं – नाही?

त्यानंतर मामूंनी डोंगर सोडला. शहराबाहेर नवे कारखाने उठत होते, त्यातल्या एकावर ते पहारेकरी झाले. क्रांती चौकात कधीमधी भेटायचे. खिशात नेहमी चिठ्ठ्या – किल्ली कुठं ठेवली, कुणाला काय सांगायचं. त्या दिवसापासून त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा गेला होता. मला म्हणायचे, "उमर झाली बेटा, याद राहत नाय." तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. आणि त्याच दमात त्या डोंगरातली प्रत्येक पायवाट, प्रत्येक झाड नावानिशी सांगायचे.

शेवटची भेट चौकातच झाली. त्यांना अक्षर लावता यायचं, लिहिता मात्र येत नव्हतं; चिठ्ठ्या ते दुसऱ्यांकडून लिहून घ्यायचे. त्यांनी माझ्यापुढं कागद धरला. "माझ्या घरचा पत्ता लिहून दे. विसरलो तर कुणी पोचवील."

पत्ता त्यांनीच सांगितला – गल्ली, घर नंबर, शेजाऱ्याचं नाव, एकदाही न अडखळता.

मी लिहून दिला.