कटावीला नेलेले साबण

आफ्रिकेला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, सिंह दिसला का? दिसला हो. पण मला आठवतात ते साबण. आता ते नीट सांगायचं तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

आमच्या ह्यांना टांझानियातल्या कटावीच्या जंगलाचं वेड. सगळे जातात त्या पार्कात ह्यांना जायचंच नव्हतं. "तिथे एका सिंहामागे वीस जीपा. शनिवारी आपल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर पार्किंग शोधतात तसं," म्हणायचे. कटावी पार पश्चिमेला, लहान विमानाशिवाय जाणं अवघड, म्हणून फारसं कुणी फिरकत नाही. नदी आटली की उरलेल्या चिखलात पाणघोडे अंगाला अंग लावून पडतात. ते ह्यांना बघायचं होतं.

पण अमेरिकेतल्या नोकरीत रजा कुठली? मिळायची ती सगळी इंडियाला. सासूबाई नागपूरला एकट्या. आम्ही कटावीचं ठरवावं आणि फोनवर त्यांनी विचारावं, "येतो आहेस ना रे?" झालं. कटावी पुढच्या वर्षी. मग हॉलमध्ये बॅगा उघडायच्या, साबण, बदाम, चॉकलेटं भरायची, बाथरूममधल्या काट्यावर बॅग चढवून वजन करायचं. साबण कपड्यांच्या घड्यांत लपेटायचे काम ह्यांचं. सासूबाईंना इथला पांढरा साबणच लागायचा. पुढे इंडियात सगळं मिळायला लागलं, तरी हे न्यायचेच.

सासूबाई गेल्या. हे रिटायर झाले. आता निघू, आता निघू म्हणेपर्यंत ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग हायवेवरचा आपल्याच घराचा एक्झिट. डॉक्टर म्हणाले, कुठे जायचं असेल तर लवकर जा. मुलगी जर्सी सिटीत असते, तिने सगळं बुक केलं. "आई, मी येतेय. बाबांना तिथे एकटी कशी मॅनेज करशील?" मला एवढंच हवं होतं, ह्यांनी ते पाणघोडे बघावेत, आणि बघताना आपण कटावीला आहोत हे त्यांना कळावं. बाकी काही नको.

त्या लहान विमानात माणशी पंधराच किलो चालतात, तेही मऊ बॅगेत. मी घरी वजन करून घेतलं होतं. तरी तिकडच्या काउंटरवर ह्यांची बॅग जास्त भरली. मुलगी म्हणाली, "बाबा, काय घातलंय यात?" उघडून बघते तर घड्या घातलेल्या शर्टांत साबणाच्या वड्या. एकेक नीट लपेटलेली. मी झोपल्यावर कधी भरल्या देव जाणे.

"आईचे आहेत ते, राहू दे," हे म्हणाले.

"बाबा, आजी तर..."

मी तिचा हात दाबला. काट्याजवळचा माणूस ताटकळलेला. मी माझी चपलांची दुसरी जोडी काढली, मेतकुटाचा डबा काढला, बेसनाचे लाडू त्या माणसालाच देऊन टाकले. साबण राहिले. विमान उडाल्यावर हे खिडकीतून बघत म्हणाले, "नागपूर किती राहिलं गं?"

मी म्हटलं, "आलंच."

कॅम्पवरचा आमचा गाइड आमच्याहून थोडाच लहान, केस पांढरे झालेला. तो मला मामा म्हणायचा, तिकडे मामा म्हणजे आई, कुठल्याही मोठ्या बाईला मानाने तसंच म्हणतात. ह्यांनी ते ऐकलं आणि मला म्हणाले, "तू मामा, मग मी मामी का?" आम्ही तिघंही इतके हसलो! मला वाटलं, आलेत हे परत. उद्या नक्की कळेल त्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर गेलो. नदी कसली, चिखलच. त्यात काळपट गुलाबी पाठीच पाठी, डुरकणं, फुरफुरणं, आणि वास असा की मुलीने ओढणी नाकाला लावली. आमची एकच जीप. ह्यांनी दुर्बीण लावली. मी चिखलाकडे बघतच नव्हते, ह्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"केवढे आहेत!" म्हणाले. मग दुर्बीण खाली ठेवून गाइडला म्हणाले, "चला आता. माय मदर इज वेटिंग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याला काय कळलं कोण जाणे, त्याने गाडी वळवली, आणि वाटेत विचारलं, "आई काय करून घालणार आज?" हे खुशीत सांगत बसले, भरली वांगी, भाकरी. मी बाहेर बघत राहिले. हत्ती गेले म्हणे तेव्हा समोरून.

निघायच्या दिवशी ह्यांनी सगळे साबण गाइडच्या हातात दिले. "गिव्ह टू मदर." त्याने ते दोन्ही हातांनी घेतले. त्याची स्वतःची आई गावी आहे, असं तो मुलीला म्हणाला. तिला मिळाले असतील.

आता एडिसनला संध्याकाळी मुलगी आली की टीव्हीवर फोटो लावते. "कुठलं गं हे?" हे विचारतात.

"कटावी."

"वा! जायला हवं एकदा." मग विचारतात, "आईला साबण पोचले ना?"

"पोचले हो."

"मग झालं," म्हणतात. "कटावी पुढच्या वर्षी."