आमच्या मशिदीचा पत्ता

"शनिवारी येणार न्हाई," एवढं बाबा मालकाला सांगायचे आणि त्यावरच त्यांचं काम सुटायचं. बीदरच्या नौबाद भागातल्या एका वर्कशॉपातून दुसऱ्यात, मधेमधे घरीच. आई ब्लाउज शिवून चूल चालवायची. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस. आजोबा कोकणातून बीदरला आले, आणि जवळपास आमच्यातलं दुसरं घर काही सापडलं नाही.

आजोबा गेले तेव्हा बाबांना त्यांच्यासाठी कद्दीश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणता आलं नाही. ही प्रार्थना एकट्यानं म्हणत नाहीत, दहा जण लागतात, आणि आमच्या घरात ते दहा म्हणजे पुरुषच. दर वर्षी त्यांच्या दिवशी बाबा पुढच्या खोलीत नुसते बसायचे. त्या खोलीला ते मशीद म्हणायचे. सिनेगॉगला आमच्यात मशीदच म्हणतात.

पुढं मी शिकले. घरातली पहिली पदवीधर मी, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. नोकरी मोठ्या शहरात लागली आणि तिथल्या एका मंडळीच्या शब्बाथला जायला लागले. तिथं आलेल्याला आधी बसायला जागा देत, नाव-गाव नंतर विचारत. प्रार्थनेच्या दहांत बायकाही धरत. तिथं प्रार्थना चालवणाऱ्या हझानकाकांना मी म्हटलं, "आजोबांसाठी कद्दीश म्हणायचं बाबांचं राहिलंय."

"मग आम्हीच येतो की," ते म्हणाले.

तो शुक्रवार आला. आईनं मनुकांचं शरबत केलं, दिव्यात तेल घातलं. बाबांनी फोनवर अभिमानानं पत्ता दिला होता, "स्टेशनावरून रिक्षा करा, सरळ मशिदीत या."

ऊन उतरायला लागलं तरी कुणी येईना. मग काकांचा फोन आला, "आम्ही मशिदीत बसलोय. पाणी दिलं यांनी. तुम्ही कुठायत?"

बाबांनी कपाळावर हात मारला. पाहुणे खरोखरच्या मशिदीत पोचले होते. त्यांना आणणाऱ्या रिक्षावाल्या चाचांना मी फोनवर घराचा रस्ता सांगितला, तेव्हा दोन खेपांत सगळे घरी आले. चाचा कुरकुरत होते, "मशीद बोले, मैं मशीद को लाको छोड़ा. मेरा क्या खता?"

काका हसत म्हणाले, "तिथले म्हणतात, जुम्म्याची नमाज कवाच झाली, उशीर केलात."

आईनं दिवा लावला. बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा उतरला. पाहुण्यांत निम्म्या बायका होत्या. नुसते पुरुष धरले तर दहा भरत नव्हते. मी आणि आई सवयीनं दारातच उभ्या.

 काका बाबांकडं बघत राहिले.

 मग बाबा माझ्यावरच खेकसले, "बाहेर कामून थांबलीस? आत ये. आईलाबी आण. तुमच्याशिवाय कसं व्हायचं?"

"आता कळालं व्हय," आई पुटपुटली आणि पदर सावरत आत आली.

चाचा निघाले होते. बाबांनी त्यांनाही बसवलं, "शरबत पिऊन जावा." ते भिंतीशी मांडी घालून बसले आणि कद्दीशच्या मधे सगळे आमेन म्हणाले तेव्हा तेही म्हणाले, सगळ्यांत मोठ्यानं.

त्या संध्याकाळी बाबांनी आजोबांसाठी पहिल्यांदा कद्दीश म्हटलं. दहा भरले होते, आणि त्यांत आई आणि मी होतो.