वन्संना मी खाली उतरवलं

"वन्सं, तुम्हाला उतरायला सांगतोय तो," मी म्हटलं.

तो तसं म्हणाला नव्हता. तो मला उतरायला सांगत होता. मला.

हे मी कधी कुणापाशी बोललेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी तर नाहीच. आज तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही, आणि ऐकून तुम्ही माझं काही करू शकत नाही.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजी आलं ते टोरोंटोच्या कपड्यांच्या फॅक्टरीत, मशीनवर बसून. पण त्या पायलटचं इंग्रजी मला नीट कळलं होतं. कळलं नाही असं म्हणण्याची सोय मला नाही.

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. नवरा आणि मी कॅनडात आलो ते सदुसष्टनंतर लगेचच. इथे घर नाही, ओळख नाही, अशी हलाखी — म्हणून आमच्या एस्तेरला मागे पेणला ठेवलं, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीकडे. रिबका तिचं नाव, मी वन्सं म्हणायची. विधवा, मूलबाळ नव्हतं. वर्षभरात पोरीला आणू म्हणालो होतो. त्याची चार वर्षं झाली. पोर आली तेव्हा चौदाची होती, आणि आली ती वन्संचा हात धरून. विमानतळावर मी पुढे झाले तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी ना?" — विचारलंन. स्वतःच्या आईला कुणी विचारतं का?

वन्सं मग आमच्याकडेच राहिल्या. चांगली बाई. हे मी मेलेल्या माणसाबद्दल बोलायचं म्हणून बोलत नाही. जिवंत होत्या तेव्हाही मला राग यायचा तो त्याचाच. भांडायला काही मिळायचं नाही. मी कामावरून थकून यावं तर भात तयार, पोरीची वेणी घातलेली, दारापुढचा बर्फ शोव्हल केलेला — साडीवर माझ्या नवऱ्याचा कोट चढवून. ताप आला की एस्तेर 'आत्या' म्हणायची. परीक्षेत पहिली आली तरी 'आत्या'. मी नुसती पगार आणणारी.

पुढे एस्तेर नर्स झाली आणि हॉस्पिटलात भेटलेल्या, एका बेटावरच्या मुलाशी लग्न करून बसली. डेस्मंड, शांत मुलगा. नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं — आपल्यातला नाही, धर्म वेगळा, वगैरे. वन्सं एवढंच म्हणाल्या, "माझा नवरा आपल्यातलाच होता, त्यानं मला काय दिलं रे?" लग्नानंतर दोघं तिकडे राहायला गेली. कॅरिबियनमधलं इवलंसं बेट, मोठं विमान तिथे उतरतच नाही. आधी मोठ्या बेटावर जायचं, तिथून आठ-नऊ माणसांचं छोटं विमान.

एस्तेरचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही दोघी निघालो. वन्संनी एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला, नवस बोलला होता — पोरगी सुखरूप सुटली की स्वतःच्या हातानं मलिदा करीन, आणि तोवर भात खाणार नाही. मलिदा म्हणजे आमचा नवसाचा प्रसाद: भिजवलेले पोहे, साखर, खोवलेलं खोबरं, वर फळं. तर पिशवीत पोहे, जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी, आणि चार नारळ. टोरोंटोहून नारळ. मी म्हटलं, वन्सं, तिकडे नारळाचीच झाडं आहेत सगळीकडे. म्हणाल्या, "अगं, त्यांचे आपल्यासारखे असतील कशावरून?"

छोट्या विमानाआधी सगळ्यांचं वजन करत. सामानाचं नव्हे, माणसांचं. सामानाच्या काट्यावरच एकेकाला उभं करायचे आणि आकडा लिहून घ्यायचे. मी हाडापेरानं मोठी बाई, आणि टोरोंटोत आल्यापासून आणखी रुंद झालेली. वन्सं माझ्या निम्म्या. आम्ही चढून बसलो, पट्टे लावले. मग पायलट स्वतः आला. वारा वाढलाय, वजन जास्त होतंय, एकाला उद्याच्या विमानानं यावं लागेल. माझ्याकडे बघून हळूच, मान राखून म्हणाला — मॅडम, तुम्ही थांबाल का, या दुसऱ्या बाई पुढे जातील.

वन्संनी मला विचारलं, "काय म्हणतोय गं?"

विचार करायला वेळ नव्हता असं म्हणू? होता. मी त्या पायलटकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मला दिसलं ते असं — वन्सं विमानातून उतरतील, एस्तेर धावत येऊन त्यांच्या गळ्यात पडेल, मूल होईल, ते आधी वन्संच्या मांडीवर जाईल. आणि मी उद्या पोचेन, पाहुणी. पुन्हा कुणीतरी विचारेल, मम्मी ना?

म्हणून मी ते वाक्य बोलले. आणि पायलटला इंग्रजीत सांगितलं, ही थांबते म्हणते. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, यांना उतरवायचं तर यांची पिशवीही उतरवावी लागेल, तेव्हा कुठे जमेल. मी म्हटलं, उतरवा. वन्संना सांगितलं, वजन जास्त होतंय म्हणे.

वन्संनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे. हसल्या. "मी जड? — हां, नारळ. माझंच चुकलं बाई. तू जा, पोरीजवळ कुणीतरी पाहिजे." आणि पट्टा सोडून उतरल्या. पिशवी कमरेवर घेऊन धावपट्टीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि विमान हलेपर्यंत हात हलवत होत्या. इंग्रजीचे त्यांना दोनच शब्द यायचे, थँक्यू आणि सॉरी. हे मला माहीत नव्हतं का?

एस्तेर पोट सांभाळत विमानाजवळ आली होती. मला मिठी मारलीन, आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत राहिली. "आत्या कुठेय?" मी म्हटलं, जागा नव्हती, उद्या येतील. त्याच संध्याकाळी तिच्या कळा सुरू झाल्या. माझा हात धरून ती कळा देत होती आणि हाक मारत होती आत्याला. मी म्हणत होते, येतायत, येतायत. मुलगी झाली. नर्सनं विचारलं, आजी कोण? मी हात पुढे केले.

छान वाटलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यात इतकं छान मला दुसऱ्या कशानं वाटलं नाही.

वारा काही पडेना. दुसऱ्या दिवशी विमान गेलं नाही, तिसऱ्याही नाही. वन्सं चौथ्या दिवशी आल्या. विमानतळावर चहा विकणाऱ्या एका बाईनं त्यांना घरी नेलं होतं. वन्संनी येताच सगळं सांगितलं — तिची नातवंडं किती गोड, त्यातल्या एकाचे केस त्यांनी कसे विंचरले, उकडलेली केळी कशी खाल्ली. "मासा पुढे ठेवलान. आधी उलटून बघितला, खवलं होती, मग खाल्ला." बिनखवल्याचा मासा आम्हाला चालत नाही. भात तिनं दोनदा वाढला, वन्संनी दोनदा सॉरी म्हटलं. त्या बाईचं त्यांनी इतकं कौतुक केलं की एस्तेर हसता हसता रडायला लागली. बाळंतपणात पोरगी एकदाही रडली नव्हती. वन्संच्या मांडीवर डोकं ठेवून ती रडली, आणि मी बाळाला घेऊन उभी होते.

मलिदा झाला. डेस्मंडच्या अंगणात नारळाच्या झाडाखाली बसून वन्सं टोरोंटोचे नारळ खोवत होत्या आणि शेजारी येऊन बघून जात होते.

इथवरच असतं तर मी कदाचित सांगितलंही नसतं. एका वाक्याचं पाप, चार दिवसांत फिटलं, असं म्हणून मोकळी झाले असते. पण टोरोंटोला परत आल्यावर आपली माणसं जमली की मी हा किस्सा सांगायचे. मी स्वतः. आमच्या वन्सं नारळाच्या बेटावर नारळ घेऊन निघाल्या आणि विमानानं त्यांनाच खाली उतरवलं. लोक पोट धरून हसायचे. वन्संही हसायच्या. "अगं, पाडलं असतं मी विमान."

आणि त्यानंतर त्या कधी तिकडे गेल्या नाहीत. एस्तेर दर हिवाळ्यात बोलवायची. तिकिटं पाठवते म्हणायची. वन्सं म्हणायच्या, नको गं, छोटं विमान असतं, माझ्यापायी कुणालातरी मागे राहावं लागेल. रात्रीचं जेवण त्यांनी तेव्हाच सोडलं. अंगात मांस नव्हतं मुळी, तरी सोडलं. मी ताट वाढायचे, त्या परत करायच्या. मी काही बोलले? मी ताट उचलून ठेवायचे. आणि दर फेब्रुवारीत बॅग भरून बेटावर जायचे, एकटी. नात मला ओळखायची. मला पाहून धावत यायची. वन्संना ती दोन-तीनदा भेटली असेल, आई-बापाबरोबर टोरोंटोला आली तेव्हा.

तुम्ही म्हणाल, त्यांना कळलं असेल, मोठ्या मनानं गप्प राहिल्या. नाही. तसं समजून मला बरं वाटून घ्यायचं नाही. त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं ते त्यांनी खरं मानलं, कारण मी त्यांच्या भावाची बायको होते.

शेवटच्या आजारात त्यांना मीच न्हाऊ घालायचे. उचलायला मला कुणाची मदत लागत नसे. तेव्हा बोलता आलं असतं. दोघीच असायचो, दार बंद, पाणी वाहतंय. मी साबण लावला, पाठ पुसली, बोलले नाही.

वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली. टोरोंटोबाहेर, रिचमंड हिलच्या पुढे पुरलंय त्यांना. एस्तेर बेटावरच आहे, साठी उलटलेली, तिच्या मुलीला आता मुलं आहेत. मी नव्वदीला आले, टोरोंटोत झालेल्या धाकट्या मुलाकडे राहते, माझे पाय चालतात आणि मला सगळं आठवतं.