तेल दिसता कामा नये

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझी बदली पश्चिम सीमेवरच्या एका पोस्टवर झाली. वाळवंट. सर्वांत जवळचं गाव अठरा किलोमीटरवर. पोस्टवर आम्ही अकरा महिला जवान होतो. त्यांत वाशिम जिल्ह्यातल्या दोघी, आसेगावची मी आणि किन्हीराजाची कॉन्स्टेबल शीला इंगळे.

आपल्या भागातल्या माणसाला फौजेत गिराईं म्हणतात. भरती झाल्यापासून नऊ वर्षांत मला पहिल्यांदा गिराईं मिळाली. मी बॅरकमध्ये गेले तेव्हा ती खाटेवर बसून बुटाची नाडी सोडत होती. माझ्या पेटीवरचं गावाचं नाव तिने वाचलं.

"आसेगाव? मंग इतके दिवस कुठी होती वं?"

दिवसभर हिंदी. बॅरकमध्ये आल्यावर आम्ही दोघी वऱ्हाडी बोलायचो. बाकीच्या नऊ जणी म्हणायच्या, तुम्ही भांडता की बोलता ते कळत नाही.

पेट्रोलिंगसाठी पोस्टवर चार ऑफ-रोड मोटरसायकली होत्या. उंच, खडबडीत टायरच्या, लांब सीटच्या. दोघींची एक पार्टी. चालवायची मी. शीला मागे, रायफल आणि रेडिओ सेट तिच्याकडे. तारेच्या कडेने चौदा किलोमीटर जायचं आणि परत यायचं. आल्यावर हत्यार जमा करायचं, मग चेन साफ करायची. चहा त्यानंतर.

चेनचं काम आम्हाला एमटीच्या, म्हणजे वाहन विभागाच्या, हेड कॉन्स्टेबलने शिकवलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, मागचं चाक अधांतरी. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून एकेक कडी घासायची. फडक्याने कोरडी करायची. मग चाक हाताने उलटं फिरवत चेनच्या आतल्या बाजूला तेलाचा एकेक थेंब. दहा मिनिटं थांबायचं आणि वरचं सगळं तेल पुसून टाकायचं. शेवटी चेन मधोमध बोटाने वर ढकलून पाहायची, दोन बोटांपेक्षा जास्त हलली तर ताणायची. उस्तादांचं एकच वाक्य होतं.

"तेल दिखना नहीं चाहिए।"

आमच्याकडे उलटं. माझे बाबा ट्रॅक्टरचं जळालेलं ऑईल डब्यात साठवून ठेवत आणि मोटरसायकलच्या चेनवर डब्यानेच ओतत, खाली थेंब पडेपर्यंत. याला आम्ही तेल पाजणं म्हणतो. बैलगाडीच्या आसाला पाजतात, काठीला पाजतात, चेनला पाजतात. काळ्या मातीत ते चालून जातं.

मे महिन्यात उस्ताद बावीस दिवसांच्या सुट्टीवर गेले. आमच्या गाडीची चेन आता तपासणारं कोणी नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी ती कुरकुरायला लागली. मागून शीला म्हणाली, "हे काहून रडून राह्यली? पाज न तिले तेल."

मी म्हणाले, उस्ताद नाही म्हणतात.

"उस्ताद गेले गावाले. तू तुह्या बापाचं आयक."

मी हसले आणि तेल पाजलं. आवाज बंद झाला. त्यानंतर रोज पाजलं. पुसायचं सोडलं. बोटाने ढकलून पाहायचंही सोडलं, कारण आवाज येत नव्हता. तिथली वाळू पिठासारखी असते. ती तेलाला धरते, तेलासोबत आत जाते आणि पॉलिश पेपरसारखी लोखंड खाते. चेन झिजते, लांब होते, सैल पडते. हे मला शिकवलेलं होतं. अज्ञान नव्हतं.

उस्तादांच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात आमची पाळी सकाळी दहाची होती. निघताना शीलाचं डोकं दुखत होतं. मी विचारलं, सिक रिपोर्ट करायचं का. ती म्हणाली, दहा दिवसांवर सुट्टी आहे, आता आजारी पडले तर तेवढीच कापली जाईल. मी आग्रह केला नाही.

वाटेत ती सुट्टीतल्या कामांबद्दल बोलत होती. आईच्या घरावरचे टिन बदलायचे होते. अकरा चाळीसला तिचं बोलणं थांबलं. तिचं हेल्मेट माझ्या पाठीवर आदळलं. मी गाडी थांबवली. तिचं अंग तव्यासारखं गरम आणि कोरडं होतं, घामाचा टिपूस नव्हता. मी सेट हातात घेतला.

"कंट्रोल, पेट्रोल दो। एक कॅज्युअल्टी, हीट स्ट्रोक। गाडी भेजो। ओव्हर."

"पेट्रोल दो, गाडी पानी लाने गई है। डेढ घंटा। मोटरसायकल पे ला सकते हो? ओव्हर."

"ला रही हूं। आऊट."

पोस्ट नऊ किलोमीटरवर होती. तिला मागे बसवलं आणि टूलकिटमधल्या दोरीने माझ्या कमरेला बांधलं. अकरा बावन्नला निघालो. तिचा गाल माझ्या पाठीला होता. वर्दीतून चटका लागत होता.

बारा सहाला चेन उतरली. पाच किलोमीटर झाले होते. चेन पुढच्या स्प्रॉकेटवरून निघून इंजिनच्या कडेला अडकली, गाडी जागेवर थांबली.

मी शीलाला एका झुडपाच्या सावलीत निजवलं. वर्दीची बटणं सोडली. पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. दीड बाटली तिच्या डोक्यावर, मानेवर, काखेत ओतली. टोपीने वारा घातला. मग गाडीकडे वळले. मागच्या चाकाचा नट सोडवला, चाक पुढे सरकवलं, पक्कडीने चेन ओढायला लागले. चेन भाजत होती. बोटांना काळी पेस्ट लागली. त्यात वाळू होती.

शीलाने डोळे उघडले. ती माझ्याकडे पाहत होती, पण मी कोण हे तिला कळत नव्हतं.

"माय, पाणी पाज."

फर्स्ट एडमध्ये शिकवतात, पूर्ण शुद्धीत नसलेल्या माणसाला पाणी पाजायचं नाही. श्वासनलिकेत जातं. मी रुमाल भिजवून तिच्या ओठांना लावला. अर्धी बाटली शिल्लक होती, ती तिच्या छातीवर ओतली. तिने पुन्हा मागितलं नाही. मी चेनकडे परत गेले.

बारा एकतीसला चेन चढली. बारा चव्वेचाळीसला आम्ही पोस्टवर होतो. बर्फ लावला, सलाईन लावलं. एक दहाला गाडी आली. इस्पितळाच्या वाटेवर एक पन्नासला शीला गेली.

चौकशी झाली. कंपनी कमांडरने विचारलं, मध्ये पंचवीस मिनिटं कशी गेली. मी तेलाचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळाने उचललं आणि 'यांत्रिक बिघाड' असं लिहिलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आली असती तरी कदाचित वाचली नसती. वीस वर्षांच्या नोकरीत 'कदाचित' हा शब्द मी कुठल्याही रिपोर्टमध्ये लिहिला नाही.

सुट्टीवरून आल्यावर उस्तादांनी चेनवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि पुसलं. मी त्यांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "कल से चारों गाडियों की चेन तू करेगी।"

मी केल्या. बदली होईपर्यंत, चौदा महिने.

शीलाच्या खाटेवर मणिपूरची एक मुलगी आली. चांगली होती. माझं वऱ्हाडी बंद झालं. काही महिन्यांनी फोनवर माझ्या तोंडून 'काहून'ऐवजी 'क्यूं' निघालं, तेव्हा आई हसली. मी फोन लवकर ठेवला.

आता मी पेन्शनवर आहे. आसेगावात एकटी राहते, शेती पाहते. पांदणीतून शेतात जायला जुनी ऑफ-रोड मोटरसायकल घेतली आहे. दर रविवारी अंगणात तिची चेन साफ करते. शेजारचे भाऊजी म्हणतात, "बाई, मशीनले इतकं पुसून राह्यल्या, तिचं लगन हाये का?" मी हसते आणि पुसत राहते. इथे सगळं गाव वऱ्हाडी बोलतं. माझ्याजवळ बोलण्यासारखं फारसं नसतं.

परतल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी किन्हीराजाला गेले. शीलाच्या आईने दारातच पाण्याचा गडवा पुढे केला. आल्यागेल्याला आमच्याकडे आधी पाणी देतात. मी गडवा हातात घेतला आणि म्हणाले, मावशी, आधी ऐका. तेल, वाळू, पंचवीस मिनिटं, सगळं सांगितलं.

"गाडीचं मले समजत नाई," त्या म्हणाल्या. "पाणी मांगलं होतं का तिनं?"

"हो."

"तुले?"

"तुमाले. माय म्हणली ते."

"मंग पाजलं?"

"नाई. शुद्ध नोती. घशात गेलं असतं."

त्या उंबऱ्यावर बसल्या. वर घराला नवे टिन होते. शीलाच्या पैशातून घातले असावेत, मी विचारलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्या हातातल्या गडव्याकडे पाहिलं.

"पी आता. गरम होऊन राह्यलं."

मी प्यायले.

दर मे महिन्यात जाते. आदल्या दिवशी चेन धुते, तेल देते आणि फडक्यावर डाग उमटेनासा होईपर्यंत पुसते. मागच्या सीटवर कोणाला बसवत नाही.

चौकशीच्या कागदांत एक नोंद राहून गेली आहे, ती इथे करते. कॉन्स्टेबल शीला इंगळे, गाव किन्हीराजा. बारा वाजून सतरा मिनिटांनी पाणी मागितलं.